तळणाच्या तेलावर रामलिंग

आमची जीप यायच्या आधी तिचा वास यायचा. लोहाऱ्यात काळीपिवळीची वाट बघत उभी राहिलेली माणसं अचानक नाक वर करायची, इकडंतिकडं बघायची आणि म्हणायची, "कुठंतरी भजी काढायलेत." मग वळणावरून मी यायचे. स्टेअरिंगवर मी, मागं धूर, आणि त्या धुरात कांदा, ओवा आणि हिरवी मिरची. मिरचीभज्याचं तेल असलं की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या डोळ्यांना पाणी सुटायचं. एकानं तर पुढं येऊन गाडी थांबवली आणि हात जोडून विचारलं, "वैनी, टाकीत डिझेल भरता का फोडणी घालता?"

मी म्हटलं, "दोन्ही."

खोटं नव्हतं ते. पण हे सगळं कसं सुरू झालं ते आधी सांगते. नावं मात्र कुणाची घेणार नाही. नवऱ्याचं तर उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही, आणि ह्या गोष्टीत उखाण्याला जागा नाही.

जीप माझ्या सासऱ्यांची. जुनी, डिझेलची, दारं दोरीनं बांधलेली. ते गेल्यावर ती शेडात उभी राहिली आणि कोंबड्या पुढच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. आमचे हे मोटारसायकलवाले. चार चाकांच्या गाडीत बसलं की ह्यांना गरगरतं. मग मीच एका उन्हाळ्यात, हरभरा निघाल्यावर मोकळ्या रानात, ती जीप शिकले. पहिल्या दिवशी बांधावर चढवली. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीत घातली. गंजीतून बाहेर आले तेव्हा डोक्यावर कडबा होता आणि मी इतकी हसत होते की सासूबाई लांबून ओरडल्या, "पोरीला झटका आला का काय!"

त्यानंतर मी थांबले नाही. बाजार, दवाखाना, माझं माहेर, शेजारणींची माहेरं. माझ्या माहेरी एसटी जात नाही. जीप हातात नव्हती तेव्हा मला तिकडं जायचं म्हणजे आधी घरातला कोण मोकळा आहे ते बघायचं, मग त्याचा मूड बघायचा, मग त्याच्या मागं मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसायचं आणि तो म्हणेल तेव्हा परत निघायचं. जीप हातात आल्यावर हे सगळं बंद झालं. म्हणून ती जाणार असं ठरलं तेव्हा तिच्याबरोबर माझं काय जाणार होतं, ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती जाणार होती डिझेलपायी. डिझेलचे भाव मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहेत. मग मी मोबाईलवर शोधलं. एक परदेशी माणूस दिसला, त्याची भाषा मला शष्प कळली नाही, पण हात कळले. तो जुन्या डिझेलगाडीत खायचं तेल ओतत होता. ओतून झाल्यावर गाडी सुरू केली, मागं गेला, धुराचा वास घेतला आणि असा हसला की मला माझ्याच घरातला कुणी वाटला.

आमच्या घरात करडीचं तेल होतं. स्वतःच्या रानातली करडी, घाण्यावरून काढून आणलेली. मी थोडं घातलं. जीप चालली. मी आणखी घातलं. जीप अशी चालली की तीच माहेरी निघाली आहे असं वाटावं. आठवडाभर मी राणी होते. मग सासूबाईंनी भाजीसाठी तेलाचा डबा उचलला, तो हातात हलका लागला, आणि त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हाकेवरूनच मी ओळखलं.

"तेल कुठं गेलं?"

"आत्याबाई, ते जरा..."

"जीपला पाजलं व्हय? खायचं तेल मशिनीला? उद्या दूध बी लाव तिला! रात्री पाळण्यात घाल!"

घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. गाडीही त्यांच्याच नावावर. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला, पोळा झाला की भंगारवाल्याला बोलवायचं. आमचे हे भिंतीकडं बघत उभे राहिले. आईसमोर हे नेहमी भिंतीकडं बघतात, त्यामुळं आमच्या घरातल्या भिंतींची त्यांना फार चांगली माहिती आहे.

मी रडले नाही. मी सौदा केला. सासूबाईंना श्रावणात येडशीच्या रामलिंगला जायची फार ओढ, आणि श्रावणी सोमवारच्या एसटीत शिरणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. मी म्हटलं, "आत्याबाई, एक सोमवार द्या. घरातल्या तेलाचा थेंब घेणार नाही. तुम्हाला रामलिंगला नेते आणि घरी आणते. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

"वाटंत बंद पडली तर?"

"तर तिथंच सोडून येऊ."

"मग कशावर चालवणार?"

"सोय केलीय."

त्यांना वाटलं, माझ्या भावानं टाकी भरून दिली असेल. मी त्यांना तसं वाटू दिलं.

सोय म्हणजे लोहाऱ्यातला एक भजीवाला. भजी तळून तळून काळं झालेलं तेल तो फेकूनच द्यायचा, ते मी कॅनमध्ये घेऊन यायचे. काही दिवस तसंच ठेवलं की बेसनाचा गाळ खाली बसतो. वरचं तेल गरम करायचं, पाणी उडवायचं, जुन्या सुती साडीच्या पदरातून दोनदा गाळायचं. गार तेलावर मात्र इंजिन सुरू होत नाही. म्हणून गावातल्या मिस्त्रीकडून बॉनेटखाली डिझेलचा छोटा कॅन आणि एक कॉक बसवून घेतला. डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर आणायची, बंद करायच्या आधी परत डिझेलवर. एवढंच गणित. मला ते स्वयंपाकासारखं वाटायचं. कढई तापल्याशिवाय भजी सोडत नाहीत, तसंच.

आणि नेमकं त्या रविवारी भजीवाल्याचं दुकान बंद. तो पाहुण्याच्या गावी गेलेला. माझ्याकडं होतं ते तेल येडशीला जायला पुरलं असतं, यायला नाही. मला सर्दी झालेली, डोकं जड, म्हणून ह्यांनाच म्हटलं, कुठूनही तळणाचं तेल बघा. हे मोटारसायकलवर गेले आणि अंधार पडायच्या आत भरलेला कॅन घेऊन आले. मी गरम केलं, गाळलं, टाकीत ओतलं. नाक पूर्ण बंद होतं. ही सर्दी पुढं काय करणार आहे हे मला तेव्हा कळतं तर मी रात्रभर निलगिरी हुंगत बसले असते.

सोमवारी तांबडं फुटायला निघालो. पुढं माझ्या शेजारी सासूबाई, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर बेलाच्या पानांची पिशवी. मागं त्यांच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे आमच्या काकू, आणि गल्लीतल्या दोघी. सगळ्यांना उपास. काकूंनी बसल्या बसल्या गाणं सुरू केलं. लोहारा मागं टाकल्यावर इंजिन तापलं, मी कॉक फिरवला, आणि जीप गुरगुरत तेलावर आली. मी खूश.

पुढचं गाव आलं आणि काकूंचं गाणं मधेच तुटलं.

"अगं बया! मासळी!"

"कुठं?"

"ह्या गावात कुणीतरी मासळी तळायलंय! आज! श्रावणी सोमवारी!"

मागच्या दोघींनी पदर नाकाला लावले. सासूबाईंनी नाक वर केलं, खिडकीतून बाहेर थुंकल्या आणि म्हणाल्या, "कलियुग हाय बाई." मला काहीच वास येत नव्हता, पण मीही मान हलवली. गाडी चालवणाऱ्या बाईनं गाडीतल्या मताशी जुळवून घ्यावं, असा माझा नियम आहे.

गाव मागं पडलं. पाच मिनिटांनी दुसरं गाव आलं.

"इथं बी!" काकू किंचाळल्या. "आक्का, इथं बी तळायलेत!"

"हे तर दरसाल सप्ताह बसवणारं गाव हाय," सासूबाई म्हणाल्या. "दिवसा टाळ, आन चुलीवर हे?"

"दाखवायचे टाळ येगळे!"

तिसऱ्या गावात देवळापुढं बाया हातात पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. आमच्या जीपमधून चार तोंडांनी त्यांच्याकडं असं बघितलं की एकीनं घाबरून पदर सावरला. "ताट बघा ताट," काकू म्हणाल्या. "आन घरी कढई." चौथ्या गावाला त्यांनी नुसती मान फिरवली. आता बोलायचं काही उरलं नाही असा तो आविर्भाव. मी त्या गावांची नावं सांगत नाही. ती निर्दोष आहेत, आणि आपल्यावर त्या सकाळी काय आळ आला हे त्यांना आजही माहीत नाही.

मग सासूबाईंनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मरळ हाय."

मागून काकूंनी हळूच विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"माळ घालायच्या आदी मला बी नाक हुतंच की."

इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. चार गावं. चारही गावांत श्रावणी सोमवारी सकाळी सकाळी मरळ? एका वेळी? एकाच मसाल्याची? आणि मधल्या मोकळ्या माळावर, जिथं सोयाबीनशिवाय काही नाही, तिथंही काकूंचा पदर नाकावरून खाली येत नव्हता.

धाराशिवच्या अलीकडं बायांना खाली उतरायचं होतं. मी गाडी चालूच ठेवली, लिंबाच्या आडाला गेले आणि ह्यांना फोन लावला.

"अहो, काल तेल कुठनं आणलं?"

"का? चालंना का?"

"चालतंय. लई छान चालतंय. कुठनं आणलं?"

"धरणावरच्या ढाब्यावरनं. माकणीच्या. फुकट दिलं त्यानं."

"तिथं काय तळतात?"

"म्हंजी... धरण हाय न्हवं का. मासेच तळणार की."

"कुठले मासे?"

"आता ते म्या इचारलं न्हाय. मरळ असंल."

"मरळच हाय."

"तुला कसं कळलं? तुला तर सर्दी हाय."

"तुमच्या आईंना कळलं."

मला माहीत होतं, हे भिंतीकडं बघत असणार. शेवटी बारीक आवाज आला, "मग म्या फोन ठेवू का?"

मी परत येऊन स्टेअरिंगवर बसले. आता मला सगळं माहीत होतं आणि तोंड मिटून गाडी चालवायची होती. माळकरी सासू, उपाशी बाया, देवाचा दिवस आणि टाकीत मरळ. हे कळलं तर पोळ्यापर्यंत कुणी थांबणार नव्हतं, भंगारवाला मंगळवारीच दारात असता. मी ठरवलं, गप्प बसायचं. गावं काय, उद्या विसरतील. शहरातून जाताना सासूबाईंनी शहराला माफ केलं. "शेर हाय, तिथं काय बी चालतंय," एवढंच म्हणाल्या.

खरी पंचाईत येडशीच्या पुढं जंगलात झाली. रामलिंगचं देऊळ खाली दरीत, आजूबाजूला अभयारण्य. घर नाही, चूल नाही, तवा नाही. आणि वास तसाच.

"इथं कोण तळायलंय मग?" काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता सरळ होता तरी मी त्याच्याकडं वळणावर बघावं तसं बघितलं.

"वरनं वारं येत असंल, गावाकडनं," मी म्हटलं.

"वारं तर समोरनं हाय," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माकडांनी मला वाचवलं. गाडीतळावर जीप उभी केली, डिझेलवर आणून बंद केली, आणि झाडांवरून माकडं उतरली. दुसऱ्या गाड्यांकडं ती बघेनात. आमच्याच जीपला गराडा. एक टपावर, एक बॉनेटवर, आणि एक म्हातारं माकड मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडापुढं बसलं आणि विचारात पडलं. बाया बेलाच्या पिशव्या पोटाशी धरून पायऱ्यांकडं पळाल्या. वासाचा विषय तिथंच राहिला. मी महादेवापुढं उभी राहिले तेव्हा मागायला फार काही सुचलं नाही. म्हटलं, देवा, घरी पोचू दे आणि तोपर्यंत कुणाच्या नाकाला काही सुचू देऊ नको. माझी सर्दी वाटून दे पाहिजे तर.

परत निघताना ठरल्याप्रमाणं नणंदेकडं जायचं होतं. तिचं सासर येडशीपासून जवळच, आणि तिच्या सासूबाईंनी आम्हाला फराळाला बोलावलेलं. आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात. माझ्या सासूबाईंचं आणि ह्या ईनबाईंचं प्रेम असं की दोघी एकमेकींना भेटल्या की आधी लुगड्याचा काठ बघतात. ईनबाईंच्या गळ्यातही माळ. कुणाची माळ जुनी, ह्यावर लग्नातच एक वाद होऊन गेलेला.

मी अंगणात जीप उभी केली आणि बंद केली नाही. करता येत नव्हती. छोट्या कॅनमधलं डिझेल देवळापाशी सुरू करण्यातच संपलं होतं. गार झाली असती तर तेलावर ती परत सुरू झाली नसती, आणि वाटेत बंद पडली तर काय, ते आधीच ठरलेलं होतं. म्हणून ती तशीच गुरगुरत राहिली. मागचं तोंड घराच्या दाराकडं. वारं घराकडं. एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण नाक नसलेल्या माणसाचं लक्ष कुठवर पोचणार.

ईनबाईंनी साबुदाण्याचे वडे केले होते, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी. पाट मांडलेले. नणंद हसत हसत ताटं वाढत होती. माहेरची माणसं आल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर येतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर आलेलं. सासूबाई उंबऱ्यातून आत आल्या, आणि थांबल्या. नाक वर. काकूंचंही नाक वर. मग सासूबाईंनी स्वयंपाकघराकडं बघितलं, कढईकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"बसा की ईनबाई," नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या.

"नको. मला भूक न्हाय."

"सकाळपासनं उपाशी हाव, आन भूक न्हाय?"

"न्हाय."

"बरं, पाणी तरी घ्या."

"नको. पाणी बी नको."

विहिणीच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. नणंदेच्या हातातली पळी थांबली. तिनं आईकडं बघितलं, मग सासूकडं, मग माझ्याकडं. ईनबाईंची मान ताठ झाली. "आमचं काय चुकलं का, ते तरी सांगा," त्या म्हणाल्या. आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, शब्द ओठावर आले आहेत. मरळ हा शब्द एकदा त्या घरात पडला असता तर नणंदेला पुढची वीस वर्षं तो गिळावा लागला असता.

मी उठले. मला वाटतं मी ओरडलेच. "आत्याबाई, जरा बाहेर या."

"काय?"

"या तर."

त्यांचा हात धरून मी त्यांना अंगणात नेलं. मागं काकू, मागं ईनबाई, मागं नणंद, शेजारच्या दारातून दोन बाया. मी सासूबाईंना जीपच्या मागं उभं केलं, सायलेन्सरपाशी. म्हटलं, "थांबा इथं." मग पुढं जाऊन जीपमध्ये बसले आणि पाय दाबला. मागून भरपूर धूर आला. मी पाय सोडला आणि खाली उतरले.

सासूबाई धुरात उभ्या होत्या. हळूहळू दिसायला लागल्या. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"गाडी तळणाच्या तेलावर चालती," मी म्हटलं. "सकाळपासनं. गावांचं काही न्हाय, ह्या घराचं तर काहीच न्हाय. तेल धरणावरच्या ढाब्यावरचं हाय, मरळ तळलेलं. मला सर्दी हाय."

सर्दीचं का सांगितलं कोण जाणे. मला वाटलं तेवढीच माझ्या बाजूची गोष्ट.

मी मनात जीपचा निरोप घेतला. पुढच्या सीटवर पुन्हा कोंबड्या बसलेल्या मला दिसल्या. आणि तेवढ्यात ईनबाई हसल्या. साधं हसू नव्हतं ते, बऱ्याच वर्षांची वाट बघून मिळालेलं हसू होतं.

"अगं बाई बाई! माळकऱ्याच्या गाडीत मरळ! आन पाणी आमच्या घरचं नको!" त्या शेजारणींकडं वळल्या. "बघितलं का? रामलिंगला मासळी घिऊन आल्यात ईनबाई आमच्या!"

ह्या ईनबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कारण सासूबाईंची पाठ एकदम सरळ झाली. मला रागवायला निघालेला चेहरा तिथल्या तिथं फिरला, आणि माझ्या बाजूनं उभा राहिला.

"मग?" त्या म्हणाल्या. "आमी खातो का? गाडी खाती. माळ माझ्या गळ्यात हाय, गाडीच्या गळ्यात न्हाय."

"तरी बी..."

"तरी बी काय? तुमच्या ट्रॅक्टरला बसता तवा त्याला इचारता का, बाबा तू काय खाल्लास? आमच्या सुनंनं फेकून दिलेल्या तेलावर गाडी आणली. लोहाऱ्यापासनं रामलिंग! डिझेल न्हाय, घरातल्या तेलाचा थेंब न्हाय. हाय का तुमच्या गावात अशी एक बाई? दावा मला."

ईनबाईंनी इकडंतिकडं बघितलं. त्यांच्या गावात अशी बाई नव्हती.

"कुटं बंद पडली का ती? धाकटे, सांग की. पडली का?"

"कुटं पडली!" काकू म्हणाल्या. सकाळपासून चार गावांना शिव्या दिलेल्या त्यांच्या तोंडाला आता बाजू बदलायला क्षणही लागला नाही. "इमानासारखी आली. वास तेवढा जरा..."

"वासाला काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "चला, ताट वाढा. भूक लागली."

आणि त्या आत जाऊन पाटावर बसल्या. भगर घेतली, आमटी घेतली, वडे घेतले, परत मागून घेतले. पाणी तर तांब्याभर प्यायल्या. नणंद वाढता वाढता पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती कळेना, मला वाटतं दोन्ही. मी एका कोपऱ्यात बसले होते. हात इतके हलके झाले होते की वडा उचलला तरी हातात काही आहे असं वाटेना. बाहेर जीप गुरगुरत होती आणि तिचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

फराळ झाल्यावर ईनबाई जरा नरम झाल्या. हरलेल्या नव्हत्या, पण त्यांना उत्सुकता होती. त्यांनी जीपला एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, कॉक बघितला. "ह्यानं फिरवायचं व्हय?" म्हणाल्या. मग हळूच, शेजारणींना ऐकू जाणार नाही असं, "मला बी एकदा बसवा की. पुढच्या सोमवारी. एसटीत लई ढकलाढकली असती."

सासूबाईंनी ह्या क्षणाची चव सावकाश घेतली. मग म्हणाल्या, "या की. आमची सून येईल न्यायला. गाडी दारात उभी करंल."

पुढच्या सोमवारी गाडी दारात. म्हणजे पोळ्याला भंगारवाला नाही. ईनबाईंना दिलेला शब्द सासूबाई मागं घेतील, त्यापेक्षा त्या स्वतः जीप ढकलत येडशीला नेतील. मी आनंदानं शिंकले. नाक मोकळं झालं आणि अख्खी मरळ एका दमात आत गेली. बाप रे! त्या बायांनी सकाळभर हे सोसलं होतं.

निघताना सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कढई बाहेर घेऊन आल्या.

"हे वड्याचं तेल टाकू नका," त्या ईनबाईंना म्हणाल्या. "आमाला द्या."

"कशाला?"

"गाडीला. आज सोमवार हाय. मरळ खाऊन आली, आता जाताना तरी उपासाचं खाऊ दे तिला."

मी ते तेल गार होऊ दिलं, नणंदेनं दिलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि टाकीत ओतलं. टाकीत आधीचं होतंच, त्यामुळं वास काही फारसा बदलला नाही. पण सासूबाई गाडीत बसताना मोठ्यानं म्हणाल्या, "हां. आता कसं." आणि कुणाची हिंमत झाली नाही नाही म्हणायची.

परतीच्या वाटेवर मी भजीवाल्याचंही सांगून टाकलं. त्या चार गावांतून आम्ही पुन्हा गेलो. काकू तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या, लाजून. सासूबाईंनी मात्र प्रत्येक गावाकडं नीट बघितलं, आणि एका देवळापुढं बसलेल्या म्हाताऱ्याला गाडीतूनच हात जोडले. तो बिचारा गोंधळला. कोण, कुठली, कशाबद्दल हात जोडते, त्याला काय माहीत.

घरी पोचलो तेव्हा हे अंगणात उभे होते, भिंतीला पाठ लावून. सासूबाई खाली उतरल्या, गुडघे दाबले आणि म्हणाल्या, "गाडी इकायची न्हाय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी आकाशाकडं बघितलं.

"आन ऐक," सासूबाई मला म्हणाल्या. "रोज तुझ्या भजीवाल्याचं घाल, माझी ना न्हाय. पर एकादशी आन सोमवार तिला वड्याचंच तेल पाहिजे. गाडीच्या गळ्यात माळ न्हाय, कबूल. पर घरात राहायचं तर उपास तरी धरावा."

तेव्हापासून आमच्या घरात एकादशीला साबुदाण्याचे वडे जरा जास्तच तळले जातात. घरातले खाऊन कंटाळले आहेत, शेजारी खाऊन कंटाळले आहेत. जीप कंटाळलेली नाही. आणि त्या दिवशी माहेरी निघाले की मागून येणारे मोटारसायकलवाले गाडी शेजारी आणतात, नाक वर करतात आणि विचारतात, "वैनी, आज उपास व्हय?"